कॉन्फरन्सला स्वतःचं चॅनेल कशाला?

अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या जगात एक वाद काही केल्या मिटत नाही: कॉन्फरन्सनं, म्हणजे आपापसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटानं, स्वतःचं टीव्ही चॅनेल काढावं की नाही? पॅक-१२ ही पश्चिम किनाऱ्यावरची शंभर वर्षांहून जुनी कॉन्फरन्स. बारापैकी दहा विद्यापीठं सोडून गेल्यामुळे २०२४ च्या उन्हाळ्यात ती नावापुरती उरली. आता बॉइझी स्टेट, सॅन डिएगो स्टेट, गोन्झागा वगैरेंना सोबत घेऊन २०२६ पासून तिची नव्यानं मांडामांड होतेय, आणि त्या निमित्तानं जुन्या वादाला पुन्हा ऊत आलाय. एक बाजू म्हणते, चॅनेलनंच पॅक-१२ बुडवली. दुसरी म्हणते, चॅनेलनंच बिग टेन या दुसऱ्या बड्या कॉन्फरन्सला गब्बर केलं, पॅक-१२ ला ते चालवता आलं नाही इतकंच. दोघंही आपापलं एकेक उदाहरण टेबलावर आपटतात आणि वाद जिंकल्यासारखे उठून जातात. ज्या गोष्टीनं एकाला तारलं आणि दुसऱ्याला मारलं, ती गोष्ट मुळात कारण तरी होती का, हे कुणी विचारत नाही.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: चॅनेल नको. सामन्यांचे हक्क स्वतःकडे असावेत, कॅमेरे आणि ते चालवणारी माणसं स्वतःची असावीत, जुन्या सामन्यांचं चित्रीकरण स्वतःच्या ताब्यात असावं. एवढं असलं की पुरे. बिग टेनला जो पैसा मिळाला तो चॅनेलच्या अंगच्या गुणांमुळे मिळाला नाही, केबलच्या एका ठरावीक काळातल्या व्यवस्थेमुळे मिळाला. ती व्यवस्था डोळ्यांदेखत मोडतेय, आणि तिच्यातून निघालेला नमुना आजही गिरवायचा हट्ट धरला जातोय.

ज्यांची मुलं-भाचरं पर्ड्यू, मिशिगन किंवा ॲरिझोना स्टेटला शिकतात त्यांना हा प्रकार ठाऊक असेल, बाकीच्यांसाठी थोडक्यात. कॉन्फरन्स म्हणजे आपापसात नियमित खेळणाऱ्या दहा-बारा, हल्ली सोळा-अठरा, विद्यापीठांचा गट. टीव्हीचे हक्क गट एकत्र विकतो आणि पैसे वाटून घेतो. पैसा जवळपास सगळा फुटबॉलचा (म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा), थोडाफार पुरुषांच्या बास्केटबॉलचा. पोहणं, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स, व्हॉलीबॉल हे सगळे खेळ त्यावर पोसले जातात. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन सामन्याला खेळाडूंच्या मित्रांखेरीज कुणी फिरकत नाही. मिशिगनच्या स्टेडियममध्ये मात्र एका शनिवारी लाखाच्या वर माणूस बसतो.

आता बिग टेनचं यश नेमकं कशात होतं ते बघू. २००७ साली अमेरिकेतल्या बहुतेक घरांत केबल किंवा डिश होती आणि चॅनेलं गठ्ठ्यानंच घ्यावी लागत. सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये स्विमिंग पूलचा खर्च पोहता न येणाऱ्या आजोबांकडूनही वसूल होतो, तसा खेळाच्या चॅनेलचा पैसा खेळाकडे ढुंकूनही न बघणाऱ्या घराकडून दरमहा यायचा. कॉन्फरन्सच्या स्वतःच्या राज्यांत प्रत्येक घरामागं महिन्याला साधारण एक डॉलर, बाहेरच्या राज्यांत काही सेंट. कमाईचा मुख्य आधार प्रेक्षक नव्हता, घर होतं. आपल्याकडे ट्रायनं २०१९ मध्ये हवी ती चॅनेलं निवडून घ्यायची मुभा दिली तेव्हा कित्येक चॅनेलांच्या पोटात गोळा आला होता, त्याचं कारण हेच. गठ्ठा सुटला की कोण खरंच बघतं ते उघडं पडतं.

बिग टेनचे तेव्हाचे कमिशनर जिम डिलेनी हुशार माणूस, हे मान्यच करायला हवं. ईएसपीएन या खेळवाहिनीनं देऊ केलेली रक्कम त्यांना पसंत पडली नाही, तेव्हा त्यांनी फॉक्स या टीव्ही कंपनीला भागीदार घेऊन ३० ऑगस्ट २००७ ला स्वतःचं चॅनेल सुरू केलं. दोनच दिवसांनी, १ सप्टेंबरला, खालच्या विभागातल्या ॲपलाचियन स्टेटनं पाचव्या क्रमांकाच्या मिशिगनला त्यांच्याच मैदानावर ३४-३२ असं हरवलं. शेवटच्या क्षणी मिशिगनची फील्ड गोलची किक अडवली गेली आणि लाखभर माणसांचं स्टेडियम चिडीचूप झालं. कॉलेज फुटबॉलच्या इतिहासातला बहुधा सगळ्यात मोठा धक्का, आणि तो दाखवला कुणी? याच दोन दिवसांच्या पोरानं. नव्या चॅनेलला याहून मोठी लॉटरी काय लागणार! पण मिशिगनच्या मोठ्या भागात केबल म्हणजे कॉमकास्ट, आणि कॉमकास्टनं अजून हे चॅनेल घेतलंच नव्हतं. आपल्या संघाची नाचक्की त्यांना घरात बसून बघताही आली नाही (काहींनी यालाच नशीब म्हटलं असेल). कॉमकास्ट मार्गावर आली ती २००८ च्या जूनमध्ये. इतकी मोठी कॉन्फरन्स, पाठीशी फॉक्स, आणि हातात असा सामना. तरीही दारात उभं राहायला जवळपास वर्ष गेलं. हे ज्यांना सोपं वाटतं त्यांनी पुढं पॅक-१२ चं काय झालं ते लक्षात घ्यावं.

त्याआधी बिग टेनच्या यशातली आणखी एक बाजू. चॅनेलचं पोट घरांवर भरत असेल, तर नवीन सदस्य निवडताना तुम्ही काय बघाल? संघ कसा खेळतो हे, की त्याच्या आसपास केबलची किती घरं आहेत हे? २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये बिग टेननं मेरीलँड आणि रटगर्सला आमंत्रण दिलं. दोघं २०१४ मध्ये आले. रटगर्सच्या फुटबॉल संघानं त्यानंतर फार दिवे लावले असं त्यांचे चाहतेही म्हणणार नाहीत. पण रटगर्स न्यू जर्सीत, न्यू यॉर्कच्या कुशीत. मेरीलँड वॉशिंग्टन आणि बाल्टिमोरच्या मध्ये. केबलची लाखो घरं एका फटक्यात ‘आपल्या राज्यांत’ आली आणि काही सेंटांचा डॉलर झाला. भूगोल, जुनी वैरं, शेजारधर्म यांच्यावर उभी राहिलेली रचना बिलांच्या हिशेबावर बेतायला इथून जोरात सुरुवात झाली. आज स्टॅनफर्ड आणि बर्कली अटलांटिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्समध्ये खेळतात. पॅसिफिकच्या काठावरची पोरं सामन्याला बोस्टन आणि मायामीला जातात. याचं सगळं खापर चॅनेलवर फोडता येणार नाही, पण ही खोड लागली कुठं ते स्पष्ट आहे.

पॅक-१२ नेटवर्क सुरू झालं १५ ऑगस्ट २०१२ ला. कमिशनर लॅरी स्कॉट यांची कल्पना दिसायला बिनतोड होती: फॉक्स नको, ईएसपीएन नको, शंभर टक्के मालकी विद्यापीठांची. एक राष्ट्रीय चॅनेल आणि वर सहा प्रादेशिक. वॉशिंग्टनला वेगळं, ओरेगनला वेगळं, बे एरिया, लॉस एंजेलिस, ॲरिझोना, डोंगराळ राज्यं, सगळ्यांची चूल वेगळी. मुख्यालय आणि स्टुडिओ सॅन फ्रान्सिस्कोत, म्हणजे देशातल्या सगळ्यात महागड्या भाड्यांच्या शहरात. पण मोठ्या भागीदाराला वगळलं की केबल कंपन्यांशी भांडायची ताकदही वगळली जाते. फॉक्स जेव्हा कंपनीशी बोलतं तेव्हा त्याच्या हातात प्रो फुटबॉल असतं, बेसबॉलची वर्ल्ड सिरीज असते. ‘हे घ्या, नाहीतर तेही बंद’ असं म्हणता येतं. पॅक-१२ च्या हातात काय होतं? डायरेक्टटीव्ही या डिश कंपनीनं हे चॅनेल शेवटपर्यंत घेतलं नाही. आणि प्रो फुटबॉलचं रविवारचं पॅकेज त्या काळी डायरेक्टटीव्हीकडेच असल्यामुळे फुटबॉलवेडी घरं आणि स्पोर्ट्स बार हे तिथलेच गिऱ्हाईक. ज्याला बघायचंच होतं नेमकं त्यालाच दिसेना. बिग टेन नेटवर्क काही कोटी घरांत असताना पॅक-१२ नेटवर्क दोन कोटींच्या खाली रेंगाळत राहिलं. शेवटी शेवटी तर एका केबल कंपनीकडून वर्षानुवर्षं कोट्यवधी डॉलर जादा येत होते आणि ते माहीत असूनही वर कळवलं गेलं नाही, असं चौकशीत निघालं. दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांना जावं लागलं. विद्यापीठं चालवणाऱ्या मंडळींना या धंद्यातलं किती कळत होतं, याचा अंदाज यावरून बांधता येतो.

तरीही ‘चॅनेलनं पॅक-१२ मारली’ हे वाक्य मी लिहिणार नाही, कारण ते अर्धं खरं आहे. मोठा घाव बसला तो ३० जून २०२२ ला, यूएससी आणि यूसीएलए यांनी बिग टेनमध्ये जात असल्याचं जाहीर केलं तेव्हा. लॉस एंजेलिस गेलं की पश्चिम किनाऱ्याच्या बाजारपेठेतलं उरतं काय? पुढच्या वर्षी उरलेल्यांना नवा टीव्ही करार वेळेत जमवता आला नाही, आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये एकेकानं पळ काढला. पण लॉस एंजेलिसची ही दोन्ही विद्यापीठं का गेली? वार्षिक वाटपात बिग टेनच्या सदस्याला सहा कोटी डॉलरच्या आसपास मिळत असताना पॅक-१२ मध्ये चार कोटींच्या आत समाधान मानावं लागत होतं. ही दरी बुजवायलाच तर चॅनेल काढलं होतं! दहा वर्षं ते आज ना उद्या पैसे देईल या आशेवर काढली, हा त्याचा खरा दोष.

आता विरुद्ध बाजूचा मला सगळ्यात वजनदार वाटणारा मुद्दा. चॅनेल नसेल तर फुटबॉल कुठंही दिसेल, पण मुलींचं व्हॉलीबॉल, वॉटर पोलो, कुस्ती कोण दाखवणार? पॅक-१२ नेटवर्क वर्षाला साडेआठशेच्या आसपास सामने थेट दाखवायचं. त्यातल्या बऱ्याच खेळांना याआधी कॅमेऱ्यानं हातही लावला नव्हता. स्टॅनफर्डसारख्या विद्यापीठाची बहुतेक राष्ट्रीय विजेतेपदं या खेळांतली आहेत. गावी राहणाऱ्या आईबापांना मुलीचा सामना घरबसल्या दिसणं ही काही छोटी गोष्ट नाही. हे सगळं मला मान्य.

पण या खेळांना प्रेक्षक मिळाला तो कसा मिळाला? २०१९ च्या जानेवारीत यूसीएलएची केटलिन ओहाशी फ्लोअरवर पैकीच्या पैकी दहा गुण मिळवून गेली. संघानं तो व्हिडिओ ट्विटरवर टाकला आणि काही दिवसांत तो कोट्यवधी वेळा बघितला गेला. जिम्नॅस्टिक्सचा ‘ज’ माहीत नसलेल्या माणसांनी तो फोनवर बघितला, एकमेकांना पाठवला. कुठल्या चॅनेलचे वर्गणीदार म्हणून बघितला का? २०२४ चा महिला बास्केटबॉलचा अंतिम सामना, आयोवा विरुद्ध साउथ कॅरोलायना, एबीसीवर, म्हणजे ॲन्टेना लावला तरी फुकट दिसणाऱ्या चॅनेलवर झाला. त्याला सरासरी १ कोटी ८० लाखांहून जास्त प्रेक्षक होते. त्या वर्षीच्या पुरुषांच्या अंतिम सामन्याहून जास्त. नेब्रास्कात ३० ऑगस्ट २०२३ ला मुलींच्या व्हॉलीबॉल सामन्याला फुटबॉलच्या स्टेडियममध्ये ९२,००३ माणसं आली. या खेळांची अडचण दाखवायला जागा नसणं ही कधीच नव्हती, त्यांना आडजागी टाकणं ही होती. कॉन्फरन्सचं चॅनेल ही तशीच आडजागा: पैसे भरा, योग्य कंपनीचं कनेक्शन घ्या, मग चारशे कितव्यातरी क्रमांकावर शोधा. आपल्याकडे २०२३ मध्ये महिला प्रीमिअर लीगचे पाच वर्षांचे हक्क वेगळे विकले तेव्हा ९५१ कोटी रुपये आले. पुरुषांच्या आयपीएलच्या पिशवीत तळाशी टाकले असते तर त्यांची किंमत किती हे कळलंही नसतं.

दुसरा वजनदार मुद्दा स्वायत्ततेचा. चॅनेल नाही तर ईएसपीएनच्या दारात हात जोडून उभं राहा, सामना रात्री साडेसातला ठेवा म्हटलं तर साडेसातला ठेवा. एसीसीची, म्हणजे अटलांटिक किनाऱ्याच्या त्या कॉन्फरन्सची, गत बघा, असं सांगतात: हक्क २०३६ पर्यंत ईएसपीएनकडे बांधलेले, आणि त्या दोरखंडातून सुटायला फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन स्वतःच्याच कॉन्फरन्सविरुद्ध कोर्टात गेले, २०२५ च्या मार्चमध्ये तडजोड झाली. उदाहरण खरं आहे, फक्त ते उलट बाजूला जातं. एसीसीनं २०१६ मध्ये वीस वर्षांची सही केली ती कशासाठी? चॅनेलसाठीच. आमच्या नावाचं चॅनेल काढून द्या, या मागणीची किंमत म्हणून इतका लांबचा करार गळ्यात पडला. शिवाय एसीसी नेटवर्क आणि एसईसी या दक्षिणेतल्या कॉन्फरन्सचं एसईसी नेटवर्क, दोन्ही ईएसपीएनच्या मालकीची. दारावर पाटी कॉन्फरन्सची, सातबारा दुसऱ्याच्या नावावर. ज्याला सगळे आदर्श मानतात त्या बिग टेन नेटवर्कमध्येही सुरुवातीला कॉन्फरन्सचा हिस्सा ५१ टक्के होता, आज फॉक्सचा ६१ टक्के आहे. शंभर टक्के स्वायत्ततेचा प्रयोग एकट्या पॅक-१२ नं केला.

डिलेनींच्या बाजूनं एक म्हणता येईल: चॅनेलची धमकी होती म्हणून पुढच्या वाटाघाटी जमल्या. २००७ मध्ये ते खरंही असेल, कारण तेव्हा गिऱ्हाईक मोजकेच होते. पण २०२२ मध्ये बिग टेननं सात वर्षांचे ७०० कोटी डॉलरहून जास्त मिळवले ते फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्यात सामने वाटून, ईएसपीएनला चक्क बाहेर ठेवून. तिथं ताकद आली तीन गिऱ्हाइकांमधून. आणि स्वतःचं चॅनेल कधीच न काढलेल्या बिग १२ या कॉन्फरन्सनं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, टेक्सस आणि ओक्लाहोमा सोडून चाललेले असताना, सहा वर्षांचे २२८ कोटी डॉलर पदरात पाडून घेतले. पॅक-१२ अजून आकडेमोड करत होती.

बिग १२ मध्ये चॅनेल नव्हतं असं म्हणताना एक अपवाद सांगायलाच हवा, कारण तो बोलका आहे. २०११ मध्ये टेक्सस विद्यापीठानं ईएसपीएनबरोबर फक्त स्वतःचं लाँगहॉर्न नेटवर्क काढलं: वीस वर्षांचे ३० कोटी डॉलर. त्यावर शाळकरी मुलांचे फुटबॉल सामने दाखवायचाही बेत होता. ज्या मुलांना पुढं कॉलेजांनी आपल्याकडे ओढायचं त्यांना टेक्ससच्या चॅनेलवर झळकवणार, हे शेजारच्या टेक्सस ए अँड एमला कसं रुचावं? बेत हाणून पाडला गेला, पण मनं फाटली ती फाटलीच. ए अँड एम २०१२ मध्ये एसईसीत निघून गेलं. शंभराहून जास्त वेळा झालेली ती लढत २०११ च्या थँक्सगिव्हिंगला शेवटच्या किकवर २७-२५ अशी संपली आणि मग तेरा वर्षं झालीच नाही. लाँगहॉर्न नेटवर्क २०२४ मध्ये गुपचूप बंद झालं.

इतिहासात आणखी मागं गेलं तर हा सगळा खेळ एकदा होऊन गेलाय. १९५० च्या दशकापासून कॉलेज फुटबॉल टीव्हीवर किती दाखवायचं हे एनसीएए ही एकच संस्था ठरवायची. जास्त दाखवलं तर मैदानावर कुणी येणार नाही, अशी तिची भीती. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठं भांडली आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सात विरुद्ध दोन मतांनी ती मक्तेदारी मोडली. (विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट हे स्वतः कॉलेज फुटबॉलचे जुने तारे. धंदेवाईकपणाला मोकळं रान मिळेल, हा त्यांचा इशारा आज वाचताना अस्वस्थ करतो.) हक्क हातात आले म्हणून सगळ्यांनी लाडू वाटले, आणि त्याच हंगामात टीव्हीचं एकूण उत्पन्न घसरलं. सामन्यांचा पूर आला, गिऱ्हाईक तेवढेच. हक्काची मालकी आणि त्याला मिळणारा भाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हाच कळायला हवं होतं.

क्रिकेट बोर्डाकडे बघितलं तरी हेच दिसतं. मुंबईत बसलेल्या बीसीसीआयनं २०२२ मध्ये आयपीएलचे पाच वर्षांचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले. टीव्ही एकाला, डिजिटल दुसऱ्याला. जगातल्या सगळ्यात श्रीमंत क्रिकेट बोर्डाला स्वतःचं चॅनेल काढणं अशक्य होतं का? मान्य, बीसीसीआयला देशात स्पर्धक नाही आणि कॉन्फरन्सला चार आहेत. पण ज्याच्या हातात एकच दुर्मीळ माल आहे त्यानंही दुकान न थाटता लिलावच पुकारला. मग ज्याचा माल चार ठिकाणी मिळतो त्यानं दुकान थाटावं ते कुठल्या भरवशावर?

हल्ली एक नवा युक्तिवाद निघालाय: केबल मेली हे ठीक, मग ॲप काढा, थेट चाहत्याकडून महिन्याचे पैसे घ्या. केबल मेली नसली तरी खाटेवर आहे हे खरंच. सिंक्लेअरनं २०१९ मध्ये सुमारे हजार कोटी डॉलर मोजून घेतलेली प्रादेशिक खेळ-चॅनेलं चालवणाऱ्या कंपनीनं २०२३ च्या मार्चमध्ये दिवाळखोरी जाहीर केली. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस ईएसपीएनची मालक डिस्ने आणि चार्टर ही केबल कंपनी यांचं भांडण झालं आणि चॅनेलं दहा-अकरा दिवस अंधारात गेली. ऐन हंगामाच्या तोंडावर एसईसी आणि एसीसीचे चाहते रिमोट घेऊन बसून राहिले. पण ॲप हे त्यावरचं औषध नाही. केबलमध्ये न बघणारा पैसे भरायचा, ॲपमध्ये फक्त बघणारा भरतो, तोही सप्टेंबर ते डिसेंबर. जानेवारीत वर्गणी बंद. २०२३ मध्ये ॲपलनं पॅक-१२ पुढं वर्गणीदारांच्या संख्येवर बेतलेला प्रस्ताव ठेवला तेव्हा विद्यापीठांच्या अध्यक्षांनी मनातल्या मनात ती संख्या मोजून पाहिली असणार. तीन-चार दिवसांत कॉन्फरन्स विखुरली.

पॅक-१२ नेटवर्क ३० जून २०२४ ला बंद झालं. सॅन रमोनमधला त्यांचा निर्मिती विभाग मात्र बंद झाला नाही. मागं राहिलेल्या ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेटचे घरचे सामने त्यांनीच चित्रित केले आणि ते बहुतेक सीडब्ल्यूवर, म्हणजे देशभर फुकट दिसणाऱ्या वाहिनीवर, लागले. हे लोक आता इतरांचीही कामं घेतात. म्हणजे इतक्या वर्षांच्या प्रयोगातून टिकलं काय? कॅमेरे, ट्रक, नियंत्रण कक्ष आणि ते चालवणारे हात. नव्या पॅक-१२ नं सीबीएस आणि सीडब्ल्यूशी करार केलेत. चॅनेलचं नाव काढलेलं नाही.

भांडायचं तर त्या करारांतल्या कलमांवर भांडावं. महिला संघांचे किती सामने फुकट दिसणाऱ्या वाहिनीवर, कोणत्या वारी, किती वाजता? सामना संपल्यावर चित्रीकरण किती तासांत विद्यापीठाच्या हातात येणार, म्हणजे पुढची ओहाशी तयार झाली तर तिचा व्हिडिओ कुणाला विचारून टाकावा लागणार नाही? करार किती वर्षांचा? बिग टेनचा २०३० मध्ये संपतो, बिग १२ चा २०३१ मध्ये. त्या वेळी बाजारात कोण असेल हे आज कुणीच सांगू शकत नाही. आणि २०२५ पासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मोकळीक मिळाली आहे, पहिल्या वर्षी प्रत्येकी २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. तो पैसा उभा करताना कुठल्या खेळाचा संघ बंद करायचा याच्या याद्या काही ठिकाणी तयार होतायत. चॅनेल हवं म्हणणाऱ्यांनी एवढं सांगावं, स्टुडिओचं भाडं त्यातल्या कुठल्या संघाच्या वाट्यातून कापायचं?